कोणी सांगितलं होतं?

आमच्या घरात एक प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. इतरांच्या घरी पितळेचे हंडे चालत येतात, एखादी बोरमाळ चालत येते, गेला बाजार शेताचा एखादा वादातला तुकडा तरी येतो. आमच्याकडे हा प्रश्न आला. "तुला कोणी सांगितलं होतं?"

लहानपणी मी अंगणातलं तुळशीवृंदावन कुणालाही न विचारता निळीने रंगवलं, तेव्हा आईने तो प्रथम विचारला. शाळेत सुविचाराच्या फळ्याभोवती वेलबुट्टी काढली, तेव्हा गुरुजींनी विचारला आणि उत्तराची वाट न पाहता छडी काढली. लग्नानंतर पहिल्या वाढदिवसाला सौभाग्यवतीसाठी तिला न सांगता साडी आणली, तेव्हा तिने विचारला. तो सगळ्यांत महाग पडला, कारण दुकानदार साडी परत घेईना.

असल्या संस्कारांत वाढलेला माणूस बँकेत कारकून झाला नाही तरच नवल. बँकेत सगळं सांगितलेलं असतं. दहाला यायचं हे सांगितलेलं, सही कुठे करायची ते सांगितलेलं, पेन दोरीला बांधून ठेवायचं हेही कोणीतरी कधीतरी सांगितलेलं. जे सांगितलेलं नाही त्यासाठी सर्क्युलर यायची वाट पाहायची, आणि सर्क्युलर आलं की त्याचा अर्थ काय हे सांगणाऱ्या दुसऱ्या सर्क्युलरची वाट पाहायची. तेवीस वर्षांच्या नोकरीत मी न सांगता केलेलं एकमेव काम म्हणजे जांभई. गीतेत फळाची आशा न धरता कर्म कर म्हटलंय, हे मला ठाऊक आहे. पण तिथेसुद्धा सांगितलंच आहे ना! अठरा अध्याय सांगितल्याशिवाय अर्जुनानेही धनुष्याला हात लावला नाही. मी तर साधा बी. कॉम. आहे.

हे सगळं सुरळीत चाललं असताना आमची कन्या दिवाळीच्या सुट्टीत घरी आली. ती नागपूरला उपयोजित कला शिकते. उपयोजित कला म्हणजे काय, हे मी नातेवाइकांना दर लग्नात समजावून सांगतो. जाहिराती, पुस्तकांची मुखपृष्ठं, औषधांची खोकी, कंपन्यांची बोधचिन्हं, असं सगळं ऐकून घेऊन ते म्हणतात, "म्हणजे पेंटर." मी वाद घालत नाही. बँकेत असल्याबद्दल ते मलाही "म्हणजे कर्ज देता" असं म्हणतात.

फराळाचं ताट पुढ्यात घेऊन कन्या म्हणाली, "बाबा, उद्या मला गाडीवरून खामगावला न्या. दुकानांवरच्या जुन्या बोर्डांचे फोटो काढायचेत. हाताने रंगवलेल्या."

"कॉलेजने सांगितलंय?"

"नाही. सेल्फ-इनिशिएटेड प्रोजेक्ट आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे मीच मला सांगितलंय."

मी चकलीचा तुकडा हातात धरून बसलो. आपणच आपल्याला काम सांगायचं, ही तरतूद मला तेवीस वर्षांत एकाही सर्क्युलरमध्ये आढळली नव्हती. "मार्क किती?" "नाहीत." "पैसे?" "नाहीत." "मग?" यावर तिने खांदे उडवले. आमच्या घराण्याचा प्रश्न माझ्या जिभेच्या अगदी टोकावर आला होता, पण तेवढ्यात तो स्वयंपाकघरातूनच आला. सौभाग्यवतीचे कान तिखट आहेत.

दुसऱ्या दिवशी निघालो. बुलढाण्याहून बोथ्याच्या घाटाने ज्ञानगंगेच्या जंगलातून खामगावला उतरायचं म्हणजे सागाची झाडं, माकडं आणि पाठीमागे बसलेल्या मुलीच्या "बाबा, थांबा" या हाका. तिला घाटात एका दगडावर रंगवलेलं "सावकाश जा" फार आवडलं. मी त्या दगडावरून पन्नासदा गेलो असेन, आणि पन्नासही वेळा वेगाने.

खामगाव म्हणजे चांदीची पेठ. लांबलांबचे लोक तिथे चांदी घ्यायला येतात. आमची कन्या चांदीकडे न बघता चांदीच्या दुकानांवरच्या अक्षरांकडे बघत होती. त्यामुळे पेठेत चिंता पसरली. एका दुकानदाराने विचारलं, "नगरपालिकेतून आलात का?" दुसऱ्याने न मागता दुकानाचं लायसन काढून दाखवलं. तिसरा मला बँकेमुळे ओळखत होता. तो घाबरून म्हणाला, "साहेब, हप्ता सोमवारी भरतोच आहे." आम्ही फक्त अक्षरं बघायला आलो आहोत, हे कुणालाही पटेना. मलाही ते सांगताना अवघडल्यासारखं होत होतं.

पण हळूहळू काहीतरी गंमत होऊ लागली. एका किराणा दुकानात "उधार बंद आहे" असा पत्रा होता. असले पत्रे मी आजवर आर्थिक धोरण म्हणून वाचत आलो होतो. कन्या म्हणाली, "बाबा, त्या 'ध'ची गाठ बघा. आणि शेवटच्या 'हे'ची मात्रा किती लांब नेलीय, नकार गोड वाटावा म्हणून." मी पाहिलं. खरंच त्या मात्रेत थोडी माफी मागितल्यासारखी लकेर होती. पुढे एका सायकलच्या दुकानावरच्या 'ठ'चं चाक केलेलं सापडलं. एका सलूनच्या पाटीवरच्या 'स'ची शेपटी वस्तऱ्यासारखी निघाली. ज्या बाजारातून मी दहा वर्षं फक्त भाव वाचत फिरलो, तिथे कोणीतरी इतकं लिहून ठेवलं होतं, हे मला प्रथमच दिसलं.

हे लिहिणारा 'कोणीतरी' दुपारी भेटला. सत्तरी ओलांडलेला पेंटर, कडुनिंबाखाली बाजेवर बसलेला. फ्लेक्स आल्यापासून धंदा बसला, हे त्याने तक्रार न करता सांगितलं, जसं आपण पाऊस यंदा कमी झाला म्हणून सांगतो. मग तो आम्हाला चौकातल्या पाणपोईशी घेऊन गेला. पत्र्यावर निळ्या रंगात "पिण्याचे पाणी" असं लिहिलं होतं, अक्षरांना पांढरी कड आणि खाली सावली. दर उन्हाळ्याच्या तोंडाशी तो स्वतःच्या डब्यातला रंग घालून ते पुन्हा रंगवतो.

"पैसे कोण देतं?" हा प्रश्न अर्थात माझा.

"कोनी नाई."

"मग कोणी सांगितलं?"

म्हातारा माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "सांगतलं तं कोनंच नाई, साहेब. पन उन्हातून आलेला मानूस इथं पानी प्याले येते. त्याले गचाळ अक्षर काहून दाखवा?"

आमच्या घराण्याच्या प्रश्नाला उत्तर देणारा हा पहिला माणूस. छडी न खाता उत्तर देता येतं, हेच मला नवीन होतं.

रात्री कन्येने आणखी एक बॉम्ब टाकला. "बाबा, तुम्ही बँकेत मराठी, हिंदी पत्रं कुठल्या फाँटमध्ये टाइप करता?"

"मंगल."

"तो कोणी केला?"

"कोणी म्हणजे? तो कंप्युटरमध्ये असतोच."

पाणी नळात असतं, पगार खात्यात असतो, तसा मंगल कंप्युटरमध्ये असतो, अशीच माझी समजूत होती. तिने सांगितलं ते असं. विंडोजमधली ही देवनागरी अक्षरं र. कृ. जोशी नावाच्या मराठी माणसाने घडवली. १९३६ साली जन्मलेला, २००८ साली गेलेला. नोकरी जाहिरात कंपनीत, उल्कामध्ये कलादिग्दर्शकाची. म्हणजे दिवसभर गिऱ्हाइकाने सांगितलेलं काम. पण या माणसाला अक्षरांचं वेड. तो अक्षरांतून कविता लिहायचा, नव्हे, अक्षरांच्याच कविता करायचा. भारतातल्या सगळ्या भाषांना चालेल अशी 'देशनागरी' नावाची एक सामाईक लिपीही त्याने मांडून पाहिली. ती काही कुणी वापरात घेतली नाही. पुढे १९८३ पासून मुंबईच्या आय. आय. टी.त तो मुलांना अक्षरं शिकवू लागला. आणि जेव्हा कंप्युटरला भारतीय भाषांची अक्षरं हवी झाली, तेव्हा तो आणि त्याचे सहकारी त्या कामाला उभे राहिले.

आता हिशेबाला पक्का असल्यामुळे मी लगेच हरकत घेतली. "म्हणजे मंगल हे सांगितलेलंच काम झालं की! कंपनीने मागितलं, यांनी दिलं."

"मागितलं शेवटी," कन्या म्हणाली. "पण त्याआधी पंचवीस-तीस वर्षं तो जे करत होता, ते कुणी मागितलं होतं?"

मी गप्प बसलो. ही नोंद माझ्या वहीत बसेना. आमच्याकडे आधी जमा आणि मग नावे पडतं. इथे माणूस आयुष्यभर न मागितलेलं भरत राहतो आणि कधीतरी एक दिवस सगळा देश त्यातून काढतो. मी स्वतः रोज त्या खात्यातून काढत होतो. "आपणांस कळविण्यात येते की" हे तीन हजार वेळा तरी मी त्या माणसाच्या अक्षरात कळवलं असेल, आणि त्याचं नाव मला मुलीकडून कळलं.

मग तिने अच्युत पालवांचं सांगितलं. १९६० सालचा जन्म, जे. जे.मध्ये शिक्षण. त्या वयात बाकीची मुलं नोकरीच्या जाहिराती बघतात, हे गृहस्थ मोडी लिपीचे जुने कागद बघत बसले. मोडी तोवर पुरती मोडीत निघालेली. पण देवनागरी आणि मोडी यांचा मेळ घालून त्यांनी 'मुक्तलिपी' नावाचं नवं वळण काढलं, आणि २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. परदेशातलाही एक नमुना तिच्याकडे होता. स्टेफान सागमायस्टर, मूळचा ऑस्ट्रियाचा, धंदा न्यूयॉर्कला. हा दर सात वर्षांनी आपलं दुकान अख्खं वर्षभर बंद ठेवतो आणि त्या वर्षात कुणीही न सांगितलेली कामं करतो. पहिल्यांदा २०००च्या सुमारास केलं, पुढल्या खेपेला बालीला जाऊन राहिला. पुढच्या वर्षांतल्या पैसे मिळवणाऱ्या कल्पना त्या बंद वर्षातच सुचतात, असं तो म्हणतो. मी मनातल्या मनात बिनपगारी रजेचा हिशेब केला. सात वर्षांनी एक वर्ष. वार्षिक वेतनवाढ पुढे जाणार, ज्येष्ठता जाणार, घरभाडं तर थांबणार नाही. बाली मला लोणारच्या पुढे परवडणार नाही, एवढं निश्चित झालं.

वाचकहो, एवढ्यावर मी शरण गेलो असं समजू नका. कारकून सहजासहजी पास करत नाही. न सांगितलेलं काम नेहमी चांगलंच, असं मानायला मी तयार नाही. आमच्या चौकात दर आठवड्याला एका भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागतो. तोही सेल्फ-इनिशिएटेडच. कोणी सांगितलेला नसतो. न मागितलेला सल्ला असतो, न मागितलेल्या कविता असतात. एक कवी तर पासबुक भरून घ्यायला येतात आणि लिंक गेलेली असली की खूश होतात. मग पाणपोईवरचं अक्षर आणि चौकातला फ्लेक्स यांत फरक कुठला?

दोन दिवस विचार करून मला सापडलेलं उत्तर सांगतो. फ्लेक्सवर फोटो मोठा असतो आणि शुभेच्छा बारीक. पाणपोईवर पाणी मोठं होतं आणि पेंटरचं नाव मुळीच नव्हतं. न सांगितलेलं काम करणारा माणूस बघणाऱ्याकडून काही घ्यायला आला आहे की त्याला काही द्यायला, एवढं बघावं. ताळेबंद तिथेच जुळतो.

दुसरी एक नोंदही याच ओघात स्पष्ट झाली. कन्येच्या मागे अर्धा डझन नातेवाईक आहेत. "तू त्यातलीच आहेस ना, आमच्या पिंट्याची लग्नपत्रिका करून दे" असं म्हणणारे. पैशाचं नाव नाही. ते काम तिने नाकारलं की म्हणतात, "बोर्डांचे फोटो फुकट काढतेस, मग आमची पत्रिका का नाही?" पूर्वी मलाही हे पटलं असतं. आता कळतं की सांगितलेलं आणि पैसे न दिलेलं काम ही वेठ. कोणीही न सांगितलेलं काम ही आपली स्वतःची मालमत्ता. दोन्हींत पैसे मिळत नाहीत म्हणून दोन्ही सारखी म्हणणं, म्हणजे चोरीला गेलेले शंभर आणि दान केलेले शंभर एकाच खात्यात लिहिणं.

इथवर सगळं हसतखेळत चाललं होतं. सुट्टीच्या शेवटी शेवटी कन्येने माळ्यावरून एक वही काढली.

ती अण्णांची. अण्णा म्हणजे माझे वडील. तहसील कचेरीत कारकून होते. मोडी ते आजोबांकडून शिकलेले. मोडी ही तशी आम्हा कारकुनांचीच लिपी. आधी कागदभर आडवी रेघ ओढायची आणि तिला अक्षरं टांगत जायचं, हात उचलायचाच नाही. शब्द तोडायला सवड नाही, पूर्णविराम द्यायला सवड नाही. निवृत्तीनंतर अण्णांनी गावातल्या घरोघरचे जुने मोडी कागद मागून आणायला सुरुवात केली. खरेदीखतं, गहाणखतं, भावाभावांच्या वाटण्या, विहिरीच्या पाळ्या. ते दुपारी ओसरीवर बसून त्यांचं बाळबोधीत लिप्यंतर करायचे. एका बाजूला मोडी जशीच्या तशी उतरवायची, दुसऱ्या बाजूला बाळबोध. निळी शाई, समासाला लाल रेघ.

मला तेव्हा नोकरी लागून पाच-सहा वर्षं झाली होती. त्या वयात माणसाला सगळ्यांत जास्त समजतं. एका रविवारी मी त्यांना म्हणालो, "अण्णा, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. हे कुणाच्या कामाचं आहे? कोणी सांगितलंय तुम्हाला?"

रागाने म्हणालो नव्हतो. काळजीनेच म्हणालो होतो, असं मी त्यानंतर स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. अण्णा काही बोलले नाहीत. पेनाला टोपण लावलं आणि चहा मागितला. त्यानंतर ते तीन वर्षं होते. ओसरीवर बसायचे, पेपर वाचायचे. वही मी परत त्यांच्या हातात पाहिली नाही, आणि ती दिसत नाही हेही माझ्या लक्षात आलं नाही.

वहीची त्रेसष्ट पानं भरलेली आहेत. चौसष्टाव्या पानावर मोडीच्या चार ओळी पूर्ण, आणि समोर बाळबोधीची अडीच ओळ. शेवटचा शब्द अर्धा. कन्या वही डोळ्यांजवळ धरून म्हणाली, "बाबा, काय 'र' आहे आजोबांचा! पुढचं का नाही केलं?"

मी म्हणालो, "डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं."

ती नागपूरला परत गेली. मी बँकेत गेलो. काउंटरवर नेहमीचे लोक, नेहमीचं वाक्य, "बाबू, एवढा विड्रॉल भरून द्या." शाळा शिकलेले लोक असतात हो. त्यांना लिहिता येतं, पण त्या फॉर्मवरच्या मुंगीएवढ्या अक्षरांतून कुठे काय लिहायचं ते कळत नाही, आणि आपण चुकलो तर बाबू ओरडेल ही भीती. बाबू ओरडतो, हेही खरं. त्या संध्याकाळी मी एक मोठा पुठ्ठा विकत आणला. स्वतःच्या पैशाने. रात्री बसून त्यावर विड्रॉल फॉर्म चौपट मोठा काढला आणि नमुना म्हणून भरला. तारीख इथे, खाते क्रमांक इथे, रक्कम अक्षरी इथे, सही इथे. 'र' अण्णांसारखा काढायचा प्रयत्न केला. जमला नाही, पण ओळखू येतो.

सकाळी लवकर जाऊन तो भिंतीला लावला. बारापर्यंत माझ्याकडे तीन फॉर्म आले. तिन्ही सुवाच्य, तिन्ही अचूक, आणि तिन्हींवर खातेदाराचं नाव "श्री. अमुक तमुक" आणि रक्कम "रुपये पाच हजार फक्त". नमुन्याबरहुकूम! दुसरी आवृत्ती काढावी लागली. तीत "आपले नाव", "आपली रक्कम" असं लाल रंगात लिहून बाण दाखवले. आता दिवसाकाठी आठ-दहा माणसं त्यासमोर उभी राहून आपला आपण फॉर्म भरतात. परवा एक बाई फॉर्म देताना म्हणाली, "मीच भरला." बस, एवढंच. पाच हजारांच्या नोटा मोजताना माझी एकदाही चूक होत नाही, पण त्या दिवशी दोनदा मोजल्या.

साहेबांनी पुठ्ठा पाहिला आणि अपेक्षेप्रमाणे विचारलं, "हे कोणी लावायला सांगितलं?" मंजुरीशिवाय भिंतीला काही लावू नये असं सर्क्युलर आहे. मला तारखेसकट पाठ आहे. म्हणून तपासणी असली की पुठ्ठा कपाटामागे जातो आणि साहेब गेले की परत येतो. साहेबांनाही हे माहीत आहे. त्यांनीही काही सांगितलेलं नाही.

सध्या रात्री जेवणानंतर मी मोडी शिकतो आहे. या वयात बाराखडी गिरवणं हा विनोदच आहे. 'प'चा 'घ' होतो आणि रेघेला टांगलेली अक्षरं वाळत घातलेल्या कपड्यांसारखी दिसतात. पण चौसष्टाव्या पानावरचा अण्णांचा अर्धा शब्द काल लागला. 'विहिर' इथे ते थांबले होते. पुढे 'ीची पाळी' असं आहे. कुणाची पाळी ते अजून लागायचंय.

दिवा बराच वेळ जळत राहिला तेव्हा आतून सौभाग्यवतीचा आवाज आला, "अहो, किती वाजले? हे सगळं करायला तुम्हाला सांगितलंय तरी कोणी?"

"कोणी नाही," मी म्हणालो, आणि पेनात शाई भरली.